पावलांचे अरिसेलू

लक्ष्मम्मानं कढईतून काढलेलं अरिसेलू दोन झाऱ्यांमध्ये धरलं आणि असं काही दाबलं, की तेलाबरोबर त्याचा एक काठही तुटून कढईत पडला. तो काठ तिनं काढला नाही. जळू दिला. घरभर जळक्या गुळाचा वास सुटला, तेव्हा मलप्पा, तिचा नवरा, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि जरा हळू दाब, पावलांचं आहे, असं म्हणाला. एवढं निमित्त तिला पुरेसं होतं. मग पुढचा घाणा निघेपर्यंत मलप्पाला लातूरच्या सोयऱ्यांची सगळी कुळकथा ऐकून घ्यावी लागली, आणि वर त्यांच्या घरात लेक देण्याची अक्कल कुणाची होती, हेही.

देगलूरमध्ये अरिसेलू म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. तेलंगण तिथून हाकेवर. लातूरकडच्यांना मात्र सांगावं लागतं. अनारशाचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. पण हे पीठ आंबवायचं नसतं. भिजवून दळलेल्या तांदळाचं ओलं पीठ गुळाच्या पाकात घालायचं, वर खसखशीऐवजी तीळ, आणि तळून झालं की दाबून त्यातलं तेल काढायचं. दामिनीच्या लग्नात नवऱ्याकडच्या बायकांनी ते बोटांत धरून, हे काय, काळे अनारसे वाटतं, म्हणून हसून घेतलं होतं. लक्ष्मम्मा भर मांडवात त्यांना जे बोलली, ते लग्नाच्या जेवणापेक्षा जास्त दिवस लोकांच्या लक्षात राहिलं.

आणि आता त्याच घरातून फोन. गौरम्मा, दामिनीची सासू, तिकडून बोलत होती. गुरुवारी या, येताना पावलांचे अरिसेलू घेऊन या, दामिनीच्या धाकट्या दिराचं लग्न जमवायचं चाललंय, मुलीकडचे पाहुणे त्याच दिवशी येणार आहेत, त्यांच्यासमोर होऊन जाईल. बरं आहात का, हे विचारलं नाही, जमेल का, तेही नाही. घेऊन या, म्हणाली आणि फोन ठेवला. तांदूळ नीट भिजायलासुद्धा तेवढे दिवस पुरत नव्हते. पण गौरम्माला त्याचं काय. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं.

खरं म्हणजे ही रीत लक्ष्मम्माच्या माहेरची, तेलंगणातल्या बोधनकडची. 'अडुगुलेस्ते अरिसेलू' म्हणतात तिकडे. लेकरानं पावलं टाकली की अरिसेलू. आजोळची आजी ते करून नेते, स्वच्छ कापडावर मांडते, लेकरू त्यावरून चालतं आणि मग ते शेजारीपाजारी वाटतात. अट एकच. लेकरानं आपलं आपण चालायचं. कुणी धरायचं नाही, ओढायचं नाही. लातूरच्या घरात ही रीत कधी नव्हती. मग गौरम्माला एकाएकी तिचा पुळका कुठून आला, हे लक्ष्मम्माला कळेना. नात चालायला लागली हे आजीला कळावं ते सासूच्या हुकमातून, हे तर तिच्या जास्तच जिव्हारी लागलं होतं. तिनं लगेच दामिनीला फोन लावला. हाव अम्मा, चालून राहिली, दामिनी म्हणाली. दाखव म्हटलं तर पोर झोपलीय म्हणाली. भर दुपारी बारा वाजता.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं ती एकटीच निघाली. मलप्पानं येण्याची तयारी दाखवली होती, पण त्यांच्या त्या गोड बोलण्याला तुम्ही भुलता, असं म्हणून तिनं त्याला घरीच ठेवलं. उदगीरला गाडी बदलताना एका उतारूनं डब्यावर पिशवी टेकवली, त्याचीही तिनं हजेरी घेतली.

अमृतरावांचं घर गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत होतं. खाली लोखंडी पत्र्यांचं दुकान, वर राहणं. अमृतराव म्हणजे दामिनीचे सासरे. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि आवाज कायम पट्टीच्या खाली. त्यांना तो चढवायची वेळच येत नसे. त्यांनी मान हलवली की घरातली माणसं हलत. या ईनबाई, म्हणून त्यांनी विहिणीला हात जोडले. लक्ष्मम्मानंही जोडले. डबा खाली ठेवला आणि नातीसाठी हात पुढे केले.

शिवांगी आजीच्या, म्हणजे गौरम्माच्या कडेवर होती. जरीचा परकर घातलेली, दोन वर्षांची व्हायला आलेली पोर, गाल लाल, डोळे दामिनीचे. आता ही उतरेल आणि दुडूदुडू आपल्याकडे येईल म्हणून लक्ष्मम्मा जराशी वाकलीसुद्धा. गौरम्मानं पोरीला खाली ठेवलं नाही. ती सरळ चालत आली आणि पोर लक्ष्मम्माच्या कडेवर दिली.

"आधी हिला तेल लावा, न्हाऊ घाला," ती म्हणाली. "अरिसेलू तुमच्या हातचं तर न्हाणंबी तुमच्याच हातचं होऊ द्या."

अमृतराव म्हणाले, त्या आत्ता प्रवासातून आल्यात, दामिनी घालेल की न्हाऊ. गौरम्मानं त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, की दामिनीला पुऱ्या लाटायच्या आहेत. आणि ती आत निघून गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

लक्ष्मम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढ्या लांबून एसटीचे धक्के खात यायचं आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर मोलकरणीसारखं कामाला लागायचं. पण कडेवर नात होती, आणि नातीनं तिच्या गळ्यातली पोत मुठीत धरली होती. ती दात आवळून न्हाणीकडे गेली.

पाटावर बसून तिनं पाय लांब केले, पोरीला त्यावर घेतलं आणि कोमट तेल तिच्या पाठीवर ओतलं. पोर हसली. पाठ झाली, हात झाले. मग लक्ष्मम्मानं तिला उताणं केलं आणि सगळ्या आज्या करतात तसे तिचे दोन्ही पाय एकत्र धरून ताणले. टाचा एकमेकींना मिळेनात. तिला वाटलं पोर वळवळतेय. गुडघे दुमडून पुन्हा धरले. डावा गुडघा उजव्यापेक्षा खाली राहत होता. तिनं दोन्ही मांड्या हळूच बाहेर उघडल्या. उजवी सहज उघडली, डावी अर्ध्यावर अडली आणि पोरीनं भोकाड पसरलं. लक्ष्मम्मानं तिला उचलून बादलीच्या काठाला धरून उभं केलं. शिवांगी उभी राहिली, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. डावा पाय फक्त चवड्यावर टेकला होता.

दारात दामिनी आली होती. कोपरापर्यंत कणकेचे हात.

"हे कवापासून हाय?" लक्ष्मम्मानं विचारलं.

दामिनी हातावरची कणीक खरवडायला लागली.

"मी इचारून राहिले."

मग दामिनीनं सांगितलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून न्हाणीचं दार लोटून, तुटक तुटक सांगितलं. बाकीची लेकरं रांगायची तेव्हा ही एका बाजूनं खुरडत जायची. दिवाळीत इथल्या डॉक्टरांनी बघितलं, खुबा जागेवर नाही म्हणाले. नांदेडच्या एका लेकरांच्या हाडांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. आत्ता गेलात तर थोडक्यात निभेल, जितका उशीर कराल तितकी चिरफाड वाढेल, असंही बजावलं. मामंजी म्हणाले, धाकट्याचं लग्न होऊ द्या. घरात पोर लंगडी आहे असा गाजावाजा झाला तर सोयरीक फिरेल. पोरीच्या जातीचं आहे, एकदा नाव पडलं की पडलं. सोमेश, दामिनीचा नवरा, वडलांच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि माहेरी कळू द्यायचं नाही म्हणून मामंजींनी दामिनीला गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. व्हिडिओवर पोर नेहमी बसलेली दिसायची, ती का, हे लक्ष्मम्माला आता कळलं.

तिनं हात उगारला. लेकीला लहानपणीसुद्धा कधी मारलं नव्हतं, पण आज हात आपोआप वर गेला. दामिनी हलली नाही. तो हात बादलीवर आपटला, पाणी हिंदकळून दोघींच्या अंगावर उडालं. शपथ घातली म्हणून आईला सांगितलं नाहीस, लक्ष्मम्मा तिला म्हणाली, आणि पोरीचा पाय रोज डोळ्यांनी बघत होतीस. देवाचं तुला भ्या वाटलं, हिचं न्हाई वाटलं? दामिनी रडायला लागली तशी लक्ष्मम्माला तिचा आणखी राग आला. मग स्वतःचाही आला. एवढ्या महिन्यांत एकदा गाडीत बसून इथं यायला आपल्याला काय झालं होतं. लग्नातली जुनी भांडणं उगाळत मानपानासाठी अडून बसलो होतो. तिनं पोरीला कोरडं केलं, परकर घातला, आणि तिला घेऊन बाहेर आली.

तोवर पाहुणे आले होते. मुलीची आई, दोन मामा, एक मावशी. दिवाणखान्याच्या मधोमध पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर लक्ष्मम्माचे अरिसेलू एका ओळीत मांडलेले. गौरम्मानंच मांडले असावेत. ती कडेला गुडघ्यावर बसून शेवटचं सरळ करत होती. सोमेश मोबाइल घेऊन खिडकीशी उभा होता. अमृतराव पाहुण्यांना सांगत होते, की ही आमच्या विहिणीकडची फार जुनी पद्धत, लेकरू चालायला लागलं की करतात. पाहुणीनं कौतुकानं मान डोलावली. मग अमृतराव लक्ष्मम्माजवळ आले.

"ईनबाई, दोन्ही बगलंत हात घाला," ते हळूच म्हणाले. "दोन पावलं झाली तरी बास. सोमेश शूटिंग करतोय."

"आमच्यात धरत न्हाईत."

"आज धरा."

तेवढ्याच हळू आवाजात, हसऱ्या चेहऱ्यानं. लक्ष्मम्मा त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तिनं शिवांगीला धोतराच्या कडेला बसवलं. पोरीनं पुढे झुकून हाताशी आलेलं पहिलं अरिसेलू उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि खायला लागली. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं.

"हिचा पाय आखूड हाय," लक्ष्मम्मा म्हणाली. मांडवातला तो आवाज लागलाच. "खुब्यापासून. ही चालत न्हाई. दिवाळीपासून ह्या घरात सगळ्यांला ठाऊक हाय, डाक्टरनं सांगितलंय, आणि लग्न जमायचंय म्हणून पोरीला तसंच ठेवलंय."

मुलीच्या आईनं हातातला चहाचा कप टिपॉयवर ठेवला. अमृतरावांचा चेहरा बदलला नाही. प्रवासानं थकल्यात त्या, आत न्या त्यांना, असं ते दामिनीला म्हणाले. लक्ष्मम्मा म्हणाली, मी आत जात नाही, मी नांदेडला जाते, लेकीला आणि नातीला घेऊन. सोमेश पुढे आला. मामी, थोडं थांबा, बाबांना विचारून काय ते ठरवू, असं काहीतरी पुटपुटला.

"जावईबापू, लेकरू तुमचं हाय का बाबांचं?"

त्याच्या हातातला मोबाइल अजून चालूच होता. तो त्यानं खिशात घातला.

अमृतरावांनी मग बायकोकडे बघितलं. ही तुझी हौस, एवढंच म्हणाले. गौरम्मा गुडघ्यावरून उठली, पदर सारखा केला. लक्ष्मम्माला वाटलं, आता ही तोंड सोडणार. तिला ते हवंच होतं. सगळ्या आगीला एक जागा मिळाली असती. पण गौरम्मा मान खाली घालून म्हणाली, चुकलं माझं, आणि डोळ्याला पदर लावत स्वयंपाकघराकडे निघून गेली. हिची जीभ फक्त फोनवर चालते काय, असं लक्ष्मम्माच्या अगदी ओठावर आलं होतं.

"दामिनी," अमृतराव म्हणाले, "उंबरा ओलांडायचा तर इचार करून ओलांड."

दामिनी भिंतीला टेकून उभी होती. हातावरची कणीक वाळून तिची सालपटं निघत होती. ती सासऱ्यांकडे बघत होती, मग नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिशातल्या मोबाइलवर हात ठेवून जमिनीकडे बघत होता. ती पुढे झाली, धोतराजवळ खाली बसली, शिवांगीच्या हनुवटीला लागलेला गूळ तिनं आपल्या पदरानं पुसला आणि तिला उचललं. पोरीच्या मुठीत अर्धं खाल्लेलं अरिसेलू होतं. ते तिनं तसंच राहू दिलं.

जिन्याच्या तोंडाशी अमृतराव उभे राहिले होते. म्हणून दामिनी वळली आणि स्वयंपाकघरातून मागच्या जिन्याकडे निघाली, आणि लक्ष्मम्मा तिच्यामागे. मागच्या दारानं, चोरासारखं. लेकीच्या अंगावर कणकेनं माखलेलं लुगडं, पोरीच्या पायात मोजासुद्धा नाही, थंडीचे दिवस. नांदेडला पोचेपर्यंत रात्र होणार. लेकीला भरल्या ओटीनं दिली आणि नेसत्या वस्त्रानिशी परत नेतोय, हे एकेका पायरीबरोबर लक्ष्मम्माच्या मनात येत होतं आणि ती अमृतरावांना मनातल्या मनात शिव्या देत होती. शिव्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून.

खाली, मागच्या बोळात, गौरम्मा उभी होती. तिच्यामागे रिक्षा. रिक्षाचं इंजिन चालू होतं.

वाट अडवायला आली ही, असं समजून लक्ष्मम्मानं कंबरेला पदर खोचला. आता काय राहिलंय अजून, असं ती विचारणार होती. गौरम्मानं तिला बोलू दिलं नाही.

"बस निघायला हाय," ती म्हणाली. "बसा लवकर."

रिक्षाच्या सीटवर एक मोठी बॅग होती, चेन पुरती न लागलेली, फुगलेली. वरच्या कप्प्यातून शिवांगीची लोकरीची टोपी डोकावत होती. दामिनीनं ती बॅग बघितली आणि सासूकडे बघितलं. आपल्या कपाटातलं काय काय आत असेल, हे ती फुगलेल्या कापडावरूनच ओळखत असावी. महिनाभराचे कपडे होते. कुणी ते एका दुपारात भरले नव्हते. चेनच्या फटीतून दिसणाऱ्या घड्या इस्त्रीच्या होत्या.

लक्ष्मम्मानं कंबरेला खोचलेला पदर सोडला.

"आमच्यात कुठं असतंय हे पावलांचं अरिसेलू?" गौरम्मा म्हणाली. तिचा आवाज रागानंच भरला होता, आणि तो राग लक्ष्मम्मावरच होता. "आजोळच्या आजीबिगर होत न्हाई म्हणून दामिनी एकदा बोलली व्हती. तेच धरून बसले. मला वाटलं फोनवरच वळखशील. तू आली ती अरिसेलू घेऊन."

"सरळ सांगायचं व्हतंस की."

"कसं सांगू? फोनबी ह्यांच्या म्होरंच करावा लागतो." तिनं एकवार जिन्याकडे बघितलं. "ह्या घरात माझं कोण ऐकून राहिलंय. तुझं तोंड मला लग्नातच ठावं झालं व्हतं."

ती वाकली. पदराच्या गाठीतून तिनं मोज्यांची जोडी काढली. शिवांगीचा उजवा पाय धरून त्यात मोजा चढवला. मग डावा पाय हातात घेतला. तो तिनं लगेच सोडला नाही. तळहातात धरून, अंगठ्यानं टाच चोळत ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग दुसरा मोजा चढवला आणि वर सरकवून गुडघ्यापर्यंत नेला.

वरून अमृतरावांची हाक आली. एकच, नेहमीसारखी हळू.

गौरम्मा मागच्या जिन्यानं वर गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज झाला. आणि मग, सगळ्या बोळाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, ती ओरडायला लागली. गेली बघा भवानी, माझं काहीएक ऐकलं न्हाई. तोंडाळ, भांडखोर बाई. हात जोडले मी तिच्यापुढं, पाया पडले, तरी लेक घेऊन गेली. असली माणसं सोयरी केली, आपलं नशीबच फुटकं.

दोन खिडक्या उघडल्या. बोळातल्या बायका वाकून बघायला लागल्या. रिक्षावाल्यानं मागे वळून लक्ष्मम्माकडे बघितलं. ही आता काय जवाब देते, याची त्यालाही उत्सुकता असावी.

लक्ष्मम्मा आयुष्यात कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती. ती रिक्षाच्या दांडीला धरून उभी राहिली आणि वरून येणारी एकेक शिवी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग आत बसली, नातीला मांडीवर घेतलं आणि रिक्षावाल्याला चल म्हणाली.